जंतूंचा कारखाना आणि त्याचा जमाखर्च

जंतू म्हटले की आपल्याला आजार आठवतो. पण सगळेच जंतू वैरी नसतात. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या बऱ्याच जाती निरुपद्रवी आहेत. अशाच एका जातीला शास्त्रज्ञांनी चक्क कारखान्यात कामाला लावले आहे.

अमेरिकेतील ड्युपाँट आणि जेनेनकोर या कंपन्यांनी या जंतूत बाहेरची जनुके घातली. जनुक म्हणजे पेशीने काय बनवायचे याची सूचना. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या जनुकांमुळे तो साखरेचे ग्लिसरीन करू लागला. क्लेब्सिएला नावाच्या दुसऱ्या जंतूच्या जनुकांमुळे त्या ग्लिसरीनपासून प्रोपेनडायॉल हे रसायन तयार होऊ लागले. एरवी हे रसायन खनिज तेलापासून काढले जाई. २००६ साली टेनेसी राज्यातील लाउडन येथे याचा मोठा कारखाना सुरू झाला. मोठमोठ्या टाक्यांत मक्यापासून काढलेली साखर जंतूंना खायला घालायची आणि रसायन गोळा करायचे, असे हे काम. त्यापासून सोरोना नावाचा धागा बनतो. गालिचे आणि कपडे यांत तो वापरतात.

आता याचा जमाखर्च मांडू. जमेला काय? तेल जमिनीतून एकदा उपसले की संपले, मका मात्र दरवर्षी पिकतो. खर्चाला काय? मक्याचे पाणी, खत, जमीन आणि कारखान्याची वीज. शिवाय या धाग्यात वजनाने सुमारे ३७ टक्केच भाग मक्याचा, बाकीचा तेलाचाच. तो सुतासारखा मातीत कुजतही नाही. म्हणून ‘वनस्पतीपासून बनलेले’ अशी चिठ्ठी दिसली, तर ‘किती?’ हा प्रश्न जरूर विचारावा.

कोणी म्हणेल, धान्य नको, टाकाऊ माल वापरा. चिपाड आणि धाटे यांतूनही साखर सुटते, पण ते काम अवघड आणि खर्चाचे आहे. शिवाय टाकाऊ कोणाला? आपल्याकडे उसाचे चिपाड साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते आणि ज्वारीचा कडबा गोठ्यात जातो. कडबा कारखान्याने उचलला तर जनावर काय खाणार?

विज्ञानाला भिण्याचे कारण नाही. आपल्या मुलामुलींनी जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित शिकून अशा कारखान्यांत जावे. मात्र जाताना हिशेबाची वही सोबत ठेवावी. नफा कोणाच्या खात्यावर आणि खर्च कोणाच्या ताटातून, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.