टबातल्या कळा आणि आमचे दोन तट

पाण्यातल्या बाळंतपणाचा विषय निघाला की आमच्या गोतावळ्यात लगेच दोन तट पडतात. "अगं बाई, बाळ बुडेल की!" हा एक आणि "किती नैसर्गिक, किती छान!" हा दुसरा. मला विचाराल तर दोघेही दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करतात. पाण्यात कळा सोसणं वेगळं आणि पाण्यात बाळ जन्माला येणं वेगळं.

आधी कळांचं बघू. कोमट पाण्यात छातीपर्यंत बसलं की अंगाचा भार हलका होतो, कूस सहज बदलता येते, कंबरेला शेक मिळतो. शेकाचं महत्त्व मराठी बाईला मी काय सांगणार! १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये मिशेल ओदाँ या डॉक्टरांनी इस्पितळात टब आणला तो कळा सुसह्य व्हाव्यात म्हणूनच. पुढे २०१८ साली कॉक्रेनने १५ चाचण्या एकत्र तपासल्या, साडेतीन हजारांहून जास्त बायकांच्या. पाण्यात कळा सोसणाऱ्यांना एपिड्युरल थोडं कमी लागलं आणि आईला वा बाळाला जास्त अपाय झाल्याचं दिसलं नाही.

मी स्वतः इथे इंग्लंडमध्ये धाकट्याच्या वेळी चार तास टबात होते आणि बाळंत मात्र बाहेर येऊन झाले. त्या चार तासांचं सुख मला अजून आठवतं.

आता जन्माचं. बाळाला तोवर प्राणवायू नाळेतून मिळत असतो आणि चेहऱ्याला हवा लागली की ते श्वास घेतं. म्हणून त्याला लगेच वर आणायचं, पुन्हा पाण्यात न्यायचं नाही. पण आधीच गुदमरलेलं बाळ पाण्यातच श्वास ओढू शकतं. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की कळा पाण्यात चालतील, जन्म बाहेरच बरा. उलट इंग्लंड-वेल्समधला मोठा अभ्यास २०२४ मध्ये आला. गुंतागुंत नसलेल्या बायकांमध्ये पाण्यात बाळंत झाल्याने आईचा वा बाळाचा धोका वाढलेला त्यात दिसला नाही. नाळ तुटण्याचं प्रमाण मात्र थोडं जास्त होतं.

मग ठरवायचं कसं? माझं मत सांगते. प्रश्न पाण्याचा कमी आणि टबाशेजारी कोण बसलंय याचा जास्त. इथे मिडवाइफ पाण्याचं तापमान दर तासाला बघते, ते ३७.५ अंशांवर जाऊ देत नाही. बाळाचे ठोके सारखे ऐकते आणि काही बिनसलं तर "आता बाहेर" म्हणते. त्या वेळी हट्ट न करता बाहेर यायचं. दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या, रक्तदाब वाढलेल्या किंवा आधीपासून गुंतागुंत असलेल्या बाईने या वाटेला जाऊच नये. आणि घरच्या टबात व्हिडिओ बघून प्रयोग? कृपा करून नको!

भारत सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मला ती बातमी कुठल्याही चकचकीत टबापेक्षा मोलाची वाटली. म्हणून पुण्या-मुंबईतल्या भाच्यांनो, इस्पितळ बघायला जाल तेव्हा टबाचे फोटो नंतर बघा. आधी विचारा: कळा सुरू झाल्यापासून माझ्याजवळ कोण असेल? टबातून मला किती वेळात बाहेर काढाल?

उत्तर देताना समोरचा चाचरला, तर टब कितीही सुंदर असो, राहू द्या.