न आलेल्या गाडीचं वजन

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण ज्यानं कुणी केली त्याला इंग्लंडातल्या मोटारशौकिनांची माहिती नसावी. असती, तर त्या बिचाऱ्या भटाला त्यानं एवढं बदनाम केलं नसतं. भटाच्या तुरी निदान बाजारात तरी आल्या होत्या. या मंडळींच्या तुरी अजून पेरलेल्याही नसतात, आणि वरणाला फोडणी हिंगाची की लसणाची यावरून यांची डोकी फुटायची वेळ आलेली असते.

मी बोलतोय ते लोटस या स्पोर्ट्सकार कंपनीच्या भक्तांबद्दल. तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाचा आणि स्पोर्ट्सकारचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. माझं वाहन स्कूटर, आणि तीही चढावर मला उतरायला लावते. संबंध आला तो भाच्यामुळे. भाचा नॉर्विचला नोकरीला आहे आणि या कंपनीचा कारखाना तिथून जवळच, हेथेल नावाच्या खेड्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथून अमेरिकन बाँबफेकी विमानं उडायची. १९६६ साली कंपनी तिथं आली. आता तिथून अफवा उडतात. दर रविवारी भाच्याचा फोन येतो, "मामा, पुढची गाडी एकदम हलकी येतेय बरं का!" गेली सहा वर्षं येतेय.

या कंपनीचं दैवत म्हणजे कॉलिन चॅपमन. हा गृहस्थ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होता. १९४८ साली त्यानं एका जुन्या ऑस्टिन सेव्हनची मोडतोड करून पहिली गाडी बनवली, १९५२ साली कंपनी काढली आणि १९८२ साली गेला. 'आधी सोपं करा, मग हलकेपणाची भर घाला,' हे वचन त्याच्या नावावर सांगतात. बी.कॉम. झालेल्या माणसाला हे चटकन पटतं. उण्याची बेरीज म्हणजे वजाबाकीच. गाडीतली एकेक वस्तू उचलायची आणि विचारायचं, ही नसली तर चालेल का? चालत असेल तर काढून टाकायची. हा झाला चॅपमनचा धर्म. त्यातून १९६२ ची एलान आली, आणि तो गेल्यावर चौदा वर्षांनी, १९९६ मध्ये, एलीस आली. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या गोंदानं चिकटवून केलेला सांगाडा आणि सगळ्या गाडीचं वजन सव्वासातशे किलोच्या आसपास. आपली मारुती ८०० त्याहूनही हलकी होती. पण तिच्या हलकेपणासाठी कुणी क्लब काढल्याचं ऐकिवात नाही.

आता अंदाजांचा कारखाना कसा चालतो ते पाहा. पहिलं काम म्हणजे बारसं. कंपनीच्या बहुतेक गाड्यांची नावं इंग्रजी 'ई' अक्षरानं सुरू होतात. इलेव्हन, एलीट, एलान, युरोपा, एस्प्रिट, एलीस, एक्सिज, एव्होरा, एमिरा. म्हणजे बाळाचा पत्ता नाही, पण आद्याक्षर भटजींनी आधीच काढून दिलेलं. मग मंडळी शब्दकोश घेऊन बसतात. दुसरं काम फोटोचं. कुणीतरी कुंपणाआडून, काळे-पांढरे पट्टे चिकटवलेल्या एखाद्या गाडीचा धूसर फोटो काढतो. त्या फोटोत आम्हांला फक्त कुंपण दिसतं. यांना त्यात सस्पेन्शन दिसतं. तिसरं काम मौनाचा अर्थ लावण्याचं. कंपनीचा अधिकारी 'हो' म्हणाला तर गाडी येणार. 'नाही' म्हणाला तर नक्कीच येणार, म्हणून तर लपवतोय. आणि नुसता हसला तर किंमतसुद्धा ठरली!

एवढ्या तपश्चर्येनंतर भाकीत दर वेळी तेच निघतं. गाडी हलकी असेल, स्वस्त असेल आणि गिअर हातानं बदलायचे असतील. आमच्या शाखेत एक खातेदार होते. दर वर्षी ते सांगत, "यंदा मुलगा नोकरीला लागतो, मुलीचं लग्न जमतं आणि तुमचं कर्ज फिटतं." ते निदान व्याज तरी भरत.

"पण मामा," भाचा म्हणतो, "आशा करण्यात वाईट काय? कुणाचं काय नुकसान होतं?"

इथंच माझा मुद्दा आहे. नुकसान होतं. आणि कुणाचं होतं तेही सांगतो.

२०१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात या कंपनीनं एकाच दिवशी पाच नव्या गाड्या मांडल्या. एक नाही, दोन नाही, पाच! शौकिनांना दिवाळी, दसरा आणि बोनस एकदमच आला. पुढं काय झालं? २०१२ साली ज्यांनी ती योजना आणली त्या मुख्याधिकाऱ्यांना जावं लागलं, आणि पाचांतली एकही गाडी तशी रस्त्यावर आली नाही. बँकेच्या भाषेत याला पुढच्या तारखेचे चेक म्हणतात. पाच चेक, पाचही न वटलेले. कुठल्याही किराणा दुकानदारानं सहावा चेक घेतला नसता. पण हे शौकीन! २०२४ च्या सप्टेंबरात कंपनीनं 'थिअरी १' नावाची नुसती संकल्पना दाखवली, वजनाचं उद्दिष्ट सोळाशे किलोंच्या आत, आणि मंडळी पुन्हा स्लिप भरून काउंटरपुढे हजर.

दोष कंपनीचाही आहे, नाही कशाला म्हणू? जिनं आयुष्यभर हलकेपणाची पोथी वाचली तिनं २०२२ मध्ये एलेट्रे ही विजेवर चालणारी भलीदांडगी गाडी आणली, वजन जवळपास अडीच टन. मी हिशेब केला. पहिल्या एलीस तीन ठेवल्या आणि वर चार तगडी माणसं बसवली तर काटा साधारण बरोबर येतो. ही गाडी होते चीनमध्ये, वुहानला. २०२३ मध्ये ती आपल्याकडेही विकायला आली, अडीच कोटींच्या पुढं. भक्तांनी आक्रोश केला, "धर्म बुडाला!" ठीक आहे, बुडाला. पण बुडवला कुणी, याची वही उघडून पाहू या की.

एलीस २०२१ पर्यंत चालली. पंचवीस वर्षांत गाड्या झाल्या सुमारे पस्तीस हजार. भागाकार करा, वर्षाला चौदाशे. तिकडे जपानच्या माझदानं १९८९ मध्ये एलानसारख्या जुन्या इंग्रजी गाड्या डोळ्यांपुढं ठेवून एमएक्स-५ काढली. साधी, दोन माणसांची, टनभर वजनाच्या आसपासची. २०१६ मध्ये तिचा आकडा दहा लाखांवर गेला. म्हणजे ज्यांना हलकी गाडी हवी होती त्यांनी ती घेतली, पावसात भिजवली आणि वापरून जुनीही केली. उरले ते आमचे शौकीन. त्यांना हवी होती 'पुढची' हलकी गाडी. ही तर गंमत आहे. एव्होरा आली तेव्हा म्हणाले, "छान आहे, पण एलीस नव्हे." एलीस होती तेव्हा म्हणत होते, "छान आहे, पण जुन्या एलानची सर नाही." २०२१ मध्ये एमिरा आली, शेवटची पेट्रोल गाडी म्हणून. वजन चौदाशे किलोंवर. म्हणाले, "छान आहे, पण जड आहे. पुढची येऊ दे." मुलगी पाहायला जायचं, कांदेपोहे खायचे आणि "तुमची धाकटी कितवीत आहे?" म्हणून विचारायचं, त्यातला हा प्रकार.

बरं, जड का झाली, याचा तरी विचार? अपघातात माणूस वाचावा म्हणून पोलाद लागतं, एअरबॅग लागतात. अमेरिकेतली एअरबॅगच्या नियमातली सवलत २०११ मध्ये संपली आणि एलीसची तिथली रस्त्यावरची विक्री थांबली. बॅटरीचं वजन शेकडो किलोंत असतं. हे सगळं नको म्हणण्याचं धैर्य ना कायद्यात आहे ना यांच्यात. यांना वातानुकूलन हवं, गाणी हवीत, उशीची बैठक हवी आणि काटा मात्र १९९६ वर थांबायला हवा. आमच्या हिला जिलबी खाऊन वजन कमी करायचं असतं, ते परवडलं. ती निदान जिलबी खाते. हे जिलबीचे अंदाज बांधतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट सांगतो. ज्या गाडीची हे वाट पाहतात ती आलेली आहे. कधीचीच! चॅपमननं १९५७ मध्ये 'सेव्हन' नावाची गाडी काढली. सुट्या भागांवर विक्रीकर नव्हता, म्हणून ती खोक्यांतून विकत. जोडणीचं पुस्तक बरोबर द्यायला बंदी होती, म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करायची याची माहिती द्यायची आणि गिऱ्हाइकानं ती उलटी वाचायची, असं सांगतात. कर चुकवण्याची इतकी देखणी पद्धत मी माझ्या सबंध नोकरीत पाहिली नाही. १९७३ साली या गाडीचे हक्क केटरहॅम नावाच्या कंपनीनं घेतले, आणि ती आजही विकली जाते. २०२१ मध्ये तिचा एक अवतार निघाला, वजन ४४० किलो! हलकी आहे, साधी आहे, गिअर हातानं बदलावे लागतात. वर्षानुवर्षं वर्तवलेली तिन्हींपैकी दोन भाकितं इथं रोकड मिळतात.

मी भाच्याला म्हटलं, "मग घे की ही."

तो म्हणाला, "मामा, तिला दारं नीट नाहीत. पावसात पाणी येतं. सामान कुठं ठेवायचं?"

बघा! म्हणजे हलकेपणा म्हणजे काहीतरी सोडणं, एवढी एकच गोष्ट चॅपमननं शिकवली, आणि तेवढीच नेमकी शिष्यांनी सोडली. कारण न आलेल्या गाडीचं वजन शून्य असतं. तिच्यात पाणी येत नाही. तिचा हप्ता नसतो. तिच्याशी जिवंत गाडीनं स्पर्धा करायची तरी कशी? बँकेत ज्या नोंदीचा मेळ लागत नाही ती आम्ही 'सस्पेन्स' खात्यात टाकतो. पण वर्षाअखेरीला ते खातं शून्यावर आणावं लागतं, नाहीतर ऑडिटर मानगुटीवर बसतो. या शौकिनांचं सबंध प्रेमच सस्पेन्स खात्यात पडून आहे, आणि ऑडिटर नाही.

या खात्याची किंमत भरतं कोण? कंपनीची मालकी बदलत गेली. १९८६ मध्ये जनरल मोटर्स, मग १९९३ मध्ये इटलीचे आर्तिओली, १९९६ मध्ये मलेशियाची प्रोटॉन, २०१७ मध्ये चीनची जीली. मालकांचं काही अडत नाही, ते दुसरीकडे खातं उघडतात. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं ब्रिटनमधल्या ५५० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. हातानं सांगाडे जोडणाऱ्यांच्या नोकऱ्या, साहेब, अंदाज बांधणाऱ्यांच्या नव्हेत. त्या रविवारी भाच्याचा फोन आला. मला वाटलं, आज तरी गप्प असेल. म्हणाला, "वाईट झालं मामा. पण पुढची गाडी हायब्रिड असेल का हो?" तो मनानं चांगला आहे. बहिणीचा मुलगा आहे म्हणून मी फोन ठेवला नाही.

माझा राग आशेवर नाही. नॉरफॉकच्या पावसात तीस वर्षांची एलान गळक्या ताडपत्रीखाली उघडून बसलेला, तेलानं माखलेला म्हातारा मला वंदनीय आहे. तो अंदाज करत नाही, नट आवळतो. माझं भांडण आहे ते फुकटच्या जाणत्यांशी. बँक कुणालाही पूर्ण रकमेचं कर्ज देत नाही, आधी स्वतःची काही रक्कम घालावी लागते. त्याला मार्जिन मनी म्हणतात. तोच नियम इथं लावा. ज्याला पुढच्या गाडीचं भविष्य सांगायचंय त्यानं आजच्या गाडीची ऑर्डर दाखवावी. नवी परवडत नसेल तर जुनी घ्यावी, तीही परवडत नसेल तर निदान दुसऱ्यानं घेतलेल्या गाडीला नावं ठेवू नयेत.

एरवी आमच्या काउंटरवर नुसत्याच चौकश्या करणारा कुणी रेंगाळला, की आम्ही म्हणतो, "फॉर्म भरा, खाली सही करा, नाहीतर बाजूला व्हा. मागं रांग आहे." हेथेलच्या काउंटरवर बसणाऱ्याची अडचण एवढीच आहे, की शेवटचं वाक्य त्याला म्हणता येत नाही.