वेताळ पुन्हा झाडावर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्याला बहिणीकडे जायचं आणि धावीर महाराजांची पालखी बघायची, हा आमचा जुना शिरस्ता. पोलीस सलामी देतात, पालखी निघते आणि गावचा राखणदार घरोघरची विचारपूस करत फिरतो. यंदाही पेणहून गेलो. पालखी आळीत यायला वेळ होता म्हणून जरा टेकलो, तर भाचा मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेला. डोकावून बघितलं आणि एकदम खूश झालो. विक्रम आणि वेताळ!

ही मालिका म्हणजे 'विक्रम बेताल की रहस्य गाथा'. २०१८ मध्ये अँड टीव्हीवर सुरू झाली होती. विक्रम अहम शर्मा, आणि वेताळ चक्क आपले मकरंद देशपांडे. म्हटलं, वा! भाच्याच्या शेजारी बसून ओळीने तीन भाग बघितले. मग त्याला विचारलं, "काय रे, वेताळाने प्रश्न काय विचारला?"

"प्रश्न? ते नाही माहीत मामा. पण फायटिंग कसलं भारी होतं!"

पोराचा काही दोष नाही. माझाही राग त्याच्यावर नाही, मालिकेवर आहे.

आधीच कबूल करतो. माझ्या पिढीचा वेताळ म्हणजे रामानंद सागरांचा, १९८५ चा दूरदर्शनवरचा. अरुण गोविल विक्रम आणि सज्जन वेताळ. आमच्या पेणच्या आळीत तेव्हा मोजक्या घरांत टीव्ही होते, आम्ही शेजाऱ्यांच्या ओटीवर दाटीवाटीने बसून बघायचो. त्यामुळे "तुला काय, लहानपणीचं सगळंच गोड लागतं" हा टोमणा येणार, हे धरून चाललोय. पण ती मालिका काही थोर नव्हती हो. गुहा पुठ्ठ्याच्या वाटायच्या, चमत्कार बाळबोध होते. आज बघताना हसू येतं. पण एक गोष्ट तिने सोडली नाही. वेताळ प्रश्न विचारायचा आणि विक्रम तोंड उघडायच्या आत ओटीवर आमची भांडणं सुरू व्हायची.

त्या घरातून २००९ मध्ये कलर्सवर 'कहानियाँ विक्रम और बेताल की' आली, मग २०१८ ची ही. पुढचा भाग म्हणा की नवा अवतार, दर खेपेला साधनं वाढली. संगणकावर उभी केलेली स्मशानं, धूर, गडगडाट. पैसा कमी पडला असं कुणी म्हणणार नाही. गेला तो प्रश्न.

आता मूळ गोष्ट बघा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. त्यातला राजा उज्जैनचा नाहीच! तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन. आणि मराठीत तर छापील पुस्तकं नुकती कुठे येऊ लागली होती, तेव्हा १८३० मध्येच सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी 'वेताळपंचविशी' आणली. म्हणजे हा पाहुणा आपल्या घरात जुना आहे.

राजाला प्रेत आणायला पाठवणारा जो भिक्षू, त्याचं सोमदेवाने ठेवलेलं नाव आहे क्षांतिशील. क्षांती म्हणजे क्षमा. तो रोज दरबारात येतो आणि राजाला एक फळ देतो, फळात रत्न. असा गरीब गाय माणूस. तो कपटी आहे हे राजाला अगदी शेवटी कळतं आणि तेही वेताळाच्या तोंडून. म्हणजे ज्याला भूत समजून खांद्यावर वाहिलं तो हितचिंतक, आणि ज्याला शब्द दिला तो जीवावर उठलेला. नव्या मालिकेत त्याच्या जागी भद्रकाल नावाचा तांत्रिक आहे. तो दुष्ट आहे हे त्याच्या चेहऱ्यावर, आवाजात, पार्श्वसंगीतात पहिल्यापासून लिहिलेलं. मग राजाने फसायचं कधी आणि आपण तरी फसायचं कधी? वर मधेमधे पुराणातल्या देवांच्या कथा. वाईट नसतील, पण ती वेगळी मालिका झाली.

दुसरी अट त्याहून मोठी. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी झाडावर परत जाईन, म्हणजे तुझे कष्ट फुकट. दोन्हीकडून नुकसान, तरी राजा पुन्हा पुन्हा बोलतो. कळत असून गप्प बसणं हे पाप आहे, असं आजवर मला इतक्या सोप्या शब्दांत दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. ही अट मालिकेत नुसती घाईघाईने उरकली तर राहतं काय? तलवारी.

पुढचा भाग काढूच नये असं माझं म्हणणं नाही. वेताळ स्वतःच दर वेळी झाडावर परत जातो आणि पुढचा भाग सुरू करतो की! पण प्रत्येक खेपेला नवा प्रश्न घेऊन. गिरीश कर्नाडांचं 'हयवदन' घ्या. दोन पुरुषांच्या धडांवरच्या डोक्यांची अदलाबदल होते, मग नवरा कोणता? सोमदेवाचा राजा सांगतो, ज्याचं डोकं नवऱ्याचं तो. संपलं. थॉमस मानने १९४० मध्ये आणि त्याच्यावरून पुढे कर्नाडांनी विचारलं, ठीक, पण आता ते शरीर काय म्हणतं? राजाचं उत्तर जिथे संपलं तिथून नाटक सुरू झालं. मराठीत ते विजया मेहतांनी केलं. याला म्हणतात पुढचा भाग. त्यात धूर सोडावा लागत नाही.

असो. परत रोह्याला येतो. पालखीची वाट बघता बघता मी मोबाईल बाजूला ठेवायला लावला आणि पोरांना मंदारवतीची गोष्ट सांगितली. तिला मागणी घालणारे तिघे, आणि ती मरते. एक स्मशानात तिच्या राखेवर झोपतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा भटकून संजीवनी मंत्र आणतो. ती जिवंत होते. सांगा, ती कोणाची?

"मंत्रवाल्याची! त्यानेच जिवंत केलं ना!" भाचा.

राजा म्हणतो, जीव देणारा तो बाप, अस्थी नेणारा मुलगा, राखेजवळ राहिलेला तो नवरा. हे सांगितल्यावर भाचा हुज्जत घालायला लागला. मजा आली. तेवढ्यात त्याची धाकटी बहीण, इतका वेळ गप्प बसलेली, म्हणाली, "पण मामा, तिला कुणी विचारलं का?"

मी गप्प. शेवटच्या प्रश्नानंतर राजा निरुत्तर होतो, तसा.

ढोल जवळ आले म्हणून आम्ही दारात गेलो. पण जो पुढचा भाग तीन-तीन वाहिन्यांना सुचला नाही, तो आठ वर्षांच्या पोरीला ओटीवर बसून सुचला.