आशा आहे, पण हेल्मेट घालून!

तुमची आत्या, मावशी किंवा कॉलेजातला एखादा सीनियर शिकागोच्या बाजूला, नेपरविल-शॉमबर्गकडे राहत असेल तर सध्या त्यांना एक प्रश्न विचारून बघा, ‘यंदा बेअर्सचं काय?’ फुटबॉल बघणारं घर असेल तर उत्तर जरा अडखळत येईल. यंदा बरं वाटतंय, कोच चांगला आणलाय, पोरगाही चांगला आहे... पण बघू. या ‘पण बघू’ला मी नावं ठेवणार नाही. माझ्या मते अख्ख्या एनएफएलमध्ये सध्या सगळ्यात शहाणं वाक्य हेच आहे.

फुटबॉल म्हणजे इथे मेस्सी-रोनाल्डोवाला नव्हे. हा हेल्मेटवाला, अंड्यासारख्या चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. ३२ संघांची लीग आणि त्यात शिकागो बेअर्स हा १९२० पासूनचा, सगळ्यात जुन्या संघांपैकी एक. शेवटचं विजेतेपद १९८५च्या हंगामातलं. २०२५च्या हंगामाआधी बाद फेरीत शेवटचा सामना जिंकला होता तो जानेवारी २०११मध्ये, म्हणजे तुम्ही जेमतेम शाळेत जायला लागला होतात तेव्हा. २०२५मध्ये या संघाला नवा कोच मिळाला, बेन जॉन्सन. आणि क्वार्टरबॅक आहे केलब विल्यम्स, २०२४च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात पहिला निवडला गेलेला. २०२५चा हंगाम सुरू होताना वय २३. तुमच्या एमएस्सीच्या वर्गातला वाटेल एवढा.

क्वार्टरबॅक म्हणजे जवळपास प्रत्येक चाल सुरू होताना ज्याच्या हातात चेंडू येतो तो. फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असतात. फेकण्याआधीच त्यांनी त्याला आडवं केलं की झाला ‘सॅक’. त्याच्या हेल्मेटमध्ये छोटासा स्पीकर असतो, त्यावरून कोच पुढची चाल सांगतो. पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. पुढचं सगळं त्याचं त्याने बघायचं. म्हणून तिकडे कोच आणि क्वार्टरबॅक ही नावं नवरा-नवरीसारखी जोडीने घेतात.

आणि शिकागोत ही जोडी जमतच नाही. गंमत बघा. २०१७मध्ये त्यांनी मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं, तेव्हा कोच होते जॉन फॉक्स. वर्षभरात फॉक्स गेले, मॅट नेगी आले. २०२१मध्ये जस्टिन फील्ड्सला घेतलं, कोच नेगी. हंगाम संपला, नेगी गेले, मॅट एबरफ्लूस आले. २०२४मध्ये विल्यम्सला घेतलं, कोच एबरफ्लूस. त्यांना तर हंगाम संपेपर्यंतही ठेवलं नाही. म्हणजे तीन वेळा पोरगा एका कोचच्या हाती दिला आणि दुसऱ्या वर्षी त्याला नवी भाषा शिकायला बसवलं. तुमचा सिलॅबस सेकंड इयरला अख्खा बदलला आणि वर निकालाचं खापरही तुमच्यावरच फुटलं, तर कसं वाटेल?

(ट्रुबिस्कीला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत पॅट्रिक महोम्स उपलब्ध होता. त्याने पुढे कॅन्सस सिटीला तीन सुपर बोल जिंकून दिले. शिकागोच्या माणसासमोर हा विषय काढू नका.)

बरं, नव्या कोचची आशा दर वेळी पहिल्याच दिवशी फुटली असंही नाही, आणि खरं दुखणं तेच आहे. नेगींच्या पहिल्याच वर्षी, २०१८मध्ये, बेअर्सने १२ सामने जिंकले, नेगी वर्षातले सर्वोत्तम कोच ठरले. मग बाद फेरीत शेवटच्या काही सेकंदांत कोडी पार्कीची किक आधी खांबाला लागली, मग आडव्या दांड्याला लागली आणि बाहेर पडली. १६-१५ने हार. त्यानंतर ती टीम पुन्हा तशी उभी राहिलीच नाही. एकदा असं झालं की पुढच्या वेळी माणूस टाळ्या वाजवतानाही एक हात मोकळा ठेवतो.

२०२४चं तर विचारूच नका. सहापैकी चार सामने जिंकून संघ वॉशिंग्टनला गेला. शेवटच्या चेंडूवर जेडन डॅनियल्सने, जो ड्राफ्टमध्ये विल्यम्सच्या मागचा, दुसऱ्या क्रमांकाचा, लांबलचक फेक केली, गर्दीत चेंडू उडाला आणि नेमका त्यांच्याच खेळाडूच्या हातात पडला. तिथून सलग दहा पराभव. विल्यम्स हंगामात ६८ वेळा सॅक झाला, म्हणजे प्रत्येक सामन्यात चार वेळा. तरी त्याने साडेतीन हजारांवर यार्ड फेकले आणि फक्त सहा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले. २०२५च्या मे महिन्यात एका पुस्तकातला भाग बाहेर आला. त्यात होतं, की पहिल्या वर्षी सामन्यांचे व्हिडिओ तो कधी कधी एकटाच बघत बसायचा, नेमकं काय बघायचं हे कोणी सांगत नव्हतं. नंतर पत्रकारांसमोर त्याने ते थोडं सौम्य केलं. पण फायनल इयरला प्रोजेक्ट गाइड नावापुरता मिळालेल्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणूनच मला यंदाची आशा आधीच्यांपेक्षा बरी वाटते. ती एका पोरावर टांगलेली नाही. विल्यम्स आला तेव्हा त्याला थेट तारणहार करून टाकलं होतं. २०२५मध्ये निदान त्याच्यासमोर भिंत बांधायचा प्रयत्न झाला: जो थुनी, जोना जॅक्सन, ड्रू डाल्मन, तिघंही मधल्या फळीत, क्वार्टरबॅकला वाचवायला. आणि जॉन्सन हा घाईत पकडून आणलेला माणूस नाही. डेट्रॉइटमध्ये आक्रमणाची सूत्रं त्याच्याकडे होती, २०२४च्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याच संघाने केले, तेही जॅरेड गॉफ नावाच्या, आधीच्या संघाने सोडून दिलेल्या क्वार्टरबॅकला घेऊन. आधीच्या दोन वर्षांत इतर संघ मागे लागले असतानाही तो जागचा हलला नव्हता.

आता दुसरी बाजू. शिकागोत येण्याआधी जॉन्सन मुख्य कोच कधीच नव्हता. नेगीही असेच आक्रमणातले हुशार म्हणून आले होते. डेट्रॉइटची भक्कम फळी काही जॉन्सनने बॅगेत घालून आणलेली नाही. ऑगस्ट २०२५मध्ये बफेलोला ३८-०ने हरवलं खरं, पण तो सरावाचा सामना, समोरचे मुख्य खेळाडू बसलेले. नेटमधल्या षटकारांवर कोणी टीम निवडतं का?

तुमच्यातला कोणी म्हणेल, फॅन आहे तर पूर्ण विश्वास ठेव ना, हे काठावर बसणं कसलं? मला हे पटत नाही. डोळे मिटून ‘धिस इज अवर इयर’ ओरडणारे फॅनच तिसऱ्या पराभवाला त्याच पोराची हुर्यो उडवतात. सावध माणूस आधीच धरून चालतो की वेळ लागेल, म्हणून तो वेळ देतोही. आरसीबीवाल्यांना विचारा. कोहली पहिल्या वर्षापासून होता, तरी १८ वर्षं लागली, आणि २०२५च्या जूनमध्ये कप आला तेव्हा फायनलचा सामनावीर कृणाल पंड्या होता.

माझं म्हणणं एवढंच, की बेअर्सच्या फॅननी यंदा मोजायचं असेल तर नीट मोजावं. ३२ संघांत एका हंगामात ४००० यार्ड फेकणारा क्वार्टरबॅक कधीच न मिळालेला संघ बेअर्स हा एकटाच. २०२५च्या हंगामाआधी त्यांचा विक्रम होता ३८३८चा, एरिक क्रेमरचा, १९९५चा. २०२५मध्ये विल्यम्सने स्वतःसमोर तो ४००० चा आकडा ठेवला होता. गाठला तर मजाच येईल, पण मी त्यावर डोळा ठेवणार नाही. मी सॅक मोजणार. ६८चे ४० झाले, तर हरलेल्या हंगामालाही मी चांगला म्हणेन. आणि पुढच्या वर्षीही हेल्मेटमध्ये हाच आवाज असायला हवा. निकाल काहीही लागो, कोच बदलायची आवई उठवणाऱ्यांत आपण नसायचं.

२०२५च्या हंगामाचा पहिला सामना ८ सप्टेंबरला सोल्जर फील्डवर, मिनेसोटाविरुद्ध होता. आपल्याकडे मंगळवारी पहाटे पावणेसहाला. उठणार असाल तर पहिल्या क्वार्टरला स्कोअर सोडा, चेंडू हातात आल्यावर विल्यम्सला उभं राहायला किती वेळ मिळतो ते बघा. आणि शिकागोच्या आत्याला मेसेज टाकायचा असेल तर सामना संपेपर्यंत थांबा.