प्रभारी कारभार किती काळ?

एखादे पद अकस्मात रिक्त झाले, तर नवी नियुक्ती होईपर्यंत दुसऱ्या अधिकाऱ्याकडे त्याचा कार्यभार सोपविणे ही प्रशासनाची गरज असते. परंतु ही निकडीची व्यवस्था जेव्हा राज्यकर्त्यांच्या सोयीची होते, तेव्हा प्रश्न केवळ एका खुर्चीचा उरत नाही. पोलीस महासंचालकपदाबाबत राज्याराज्यांत हेच घडत आले आहे आणि म्हणूनच हा विषय पुनःपुन्हा न्यायालयाच्या दारी जातो.

उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ साली दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला. केंद्रीय लोकसेवा आयोगाने निवडलेल्या तीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांतूनच महासंचालक नेमावा व त्यास किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा, असे त्यात स्पष्ट बजावले होते. राज्यांनी यातूनही पळवाट काढली. आयोगाकडे वेळेवर नावे पाठवायची नाहीत आणि मर्जीतल्या अधिकाऱ्यास ‘प्रभारी’ म्हणून बसवायचे! अखेर ३ जुलै २०१८ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, प्रभारी महासंचालक नेमू नका. पद रिक्त होण्याच्या किमान तीन महिने आधी प्रस्ताव पाठवा.

या आदेशानंतर तरी शहाणपण यावे! पण जानेवारी २०२१ मध्ये सुबोध जायस्वाल केंद्रीय सेवेत गेले आणि महाराष्ट्राचे महासंचालकपद वर्षभराहून अधिक काळ अतिरिक्त कार्यभारावर चालले. आयोगाच्या निवड समितीने नोव्हेंबर २०२१ मध्ये तीन नावे सुचविली. तेव्हा कार्यभार सांभाळणारे संजय पांडे त्यांत नव्हते. तरीही नियुक्ती लांबत राहिली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेची सुनावणी झाली आणि त्यानंतरच, १८ फेब्रुवारी २०२२ रोजी, रजनीश सेठ यांची पूर्णवेळ नियुक्ती झाली. हा दोष एका पक्षाचा वा एका राज्याचा नाही. उत्तर प्रदेशातही मे २०२२ पासून एकामागून एक प्रभारी महासंचालक आले. सरकारे बदलतात, मोह बदलत नाही.

यात अपाय कोणाचा? पहिला त्या अधिकाऱ्याचाच. ज्याची नियुक्ती एका आदेशाने रातोरात संपू शकते, तो सत्ताधाऱ्यास ‘नाही’ म्हणण्यापूर्वी दहादा विचार करील. दुसरा अपाय नागरिकाचा. त्याला निःपक्ष तपास हवा असतो. त्याच्या वाट्याला मात्र मंत्रालयाकडे डोळे लावून बसलेला प्रमुख येतो. भरताने पादुका सिंहासनावर ठेवून राज्य सांभाळले, कारण तो स्वतःस विश्वस्त मानत होता. आजच्या प्रभारी व्यवस्थेत विश्वस्तभाव नाही, केवळ टांगणीला लावलेला माणूस आहे.

नियुक्ती सदोष ठरली, तर त्या अधिकाऱ्याने घेतलेले निर्णयही कोसळतील, अशी भीती दाखविली जाते. ती निराधार आहे. पदाच्या रंगाखाली सद्भावाने केलेली कृत्ये नियुक्तीतील दोषामुळे रद्द होत नाहीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गोकराजू रंगराजू खटल्यात मान्य केले आहे. जनतेच्या रक्षणासाठी असलेल्या या तत्त्वाचा आडोसा सरकारने घेऊ नये, एवढेच.

अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने अशा हंगामी कार्यभारास सर्वसाधारणपणे २१० दिवसांची मर्यादा घातली आहे. तेथेही ती ओलांडण्याचे प्रयत्न होतात व न्यायालये ते अडवतात. पण निदान मोजायला एक आकडा असतो. आपल्याकडेही महत्त्वाच्या प्रत्येक पदासाठी कार्यभाराची कमाल मुदत कायद्यानेच ठरावी, विलंबाची कारणे लेखी नोंदवावीत आणि ती विधिमंडळापुढे ठेवावीत. निवृत्तीची तारीख सेवापुस्तिकेत वर्षानुवर्षे लिहिलेली असते. ती सरकारला अकस्मात कळते, यावर कोणी विश्वास ठेवावा?