पेप्टाइडची कुपी आणि वय

अवघ्या चार अमिनो आम्लांची साखळी, म्हणजे एक पेप्टाइड, नाव एलामिप्रेटाइड. हेझल झेटो आणि पीटर शिलर यांच्या संशोधनातून ती घडली. पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचा मेद असतो. ही साखळी नेमकी त्यालाच जाऊन चिकटते आणि ऊर्जानिर्मितीची विस्कटलेली घडी सावरते. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात म्हाताऱ्या उंदरांना ती आठ आठवडे दिली, तेव्हा वयामुळे ताठरलेलं त्यांचं हृदय पुन्हा नीट सैलावू लागलं. विलक्षणच म्हणायचं!

पण हे उंदीर होते.

२०२५मध्ये अमेरिकी औषध नियामकाने या औषधाला मान्यता दिली, ती बार्थ सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी. वार्धक्याचा त्यात उल्लेखही नाही. पेप्टाइड विकणाऱ्यांच्या जाहिरातींत मात्र आजारावरचं औषध आणि वार्धक्यावरचा उपाय यांतला फरक पुसला जातो, आणि काळजी वाटते ती इथेच. ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेल्या नाना पेप्टाइडच्या कुप्या धडधाकट माणसं स्वतःला टोचून घेतात. आतलं द्रव्य कोणतं, किती शुद्ध, याची हमी कुणीच देत नाही.

अशी कुपी कुणी पुढे केली, तर वाचकांनी माणसांवरच्या चाचण्यांचा पुरावा आधी मागावा.