'विशेष काही नाही' हीसुद्धा नोंदच

नकाशावाचनाच्या तासाला मी छात्रांना रोज होकायंत्राने मदनमहाल टेकडीचे बेअरिंग घेऊन वहीत लिहायला लावतो. "सर, टेकडी हलत नाही, शिवाय जीपीएस आहे, मग रोज कशाला?" हा प्रश्न ठरलेला. माझे मत स्पष्ट आहे: नोंद रोज हवी, काही बदलले नाही तरी हवी.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजले जाऊ लागले. २ सप्टेंबर १८५९ रोजी प्रचंड सौरवादळ आले, तेव्हा तिथे सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली गेली. शांत दिवसांचे आकडे लिहिलेले नसते, तर ही घसरण कशाशी ताडून पाहिली असती? पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला हलवले. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवले. नोंदीची साखळी तुटू दिली नाही.

आज भारतीय भूचुंबकत्व संस्था अंटार्क्टिकातील मैत्री केंद्रावरही अशा नोंदी घेते. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण चुंबकीय रेषांच्या वाटेने ध्रुवांजवळ उतरतात, म्हणून वादळाचा परिणाम तिथे ठळक दिसतो. अशा वेळी लघुलहरींवरचा रेडिओ संपर्क तुटू शकतो आणि जीपीएसही चुकू शकते.

म्हणून छात्रांनो, सात दिवसांचे आकडे रविवारी बसून एकदम भरू नका. तशी वही सुबक दिसेल, पण गरजेच्या दिवशी तिच्यावर कोणी विसंबू शकणार नाही.